बहात्तरला विहिरीला पाणी होतं: नववीच्या वर्गात हवामान बदल शिकवतानाचं एक प्रकरण

हे प्रकरण लातूर जिल्ह्यातल्या एका गावच्या अनुदानित माध्यमिक शाळेतलं आहे. गाव, शाळा आणि माणसं ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत. नववीला भूगोल आणि जलसुरक्षा शिकवणाऱ्या मॅडमबरोबर मी प्रकल्पाच्या आखणीपासून होतो. हवामान बदल शिकवायचा म्हटलं की आपण तक्ते, घोषणा आणि झाडांपर्यंत येऊन थांबतो. इथे वर्ग त्याच्या पुढे गेला आणि पुढे जाताच प्रश्न मुलांच्या घरात शिरला. तिथे शिक्षकाने काय करायचं, हे ठरवताना झालेला विचार इतर शिक्षकांना उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं.

पार्श्वभूमी

गाव कोरडवाहू, पण शिवाराच्या एका बाजूला ऊस. खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत हरभरा, थोडी ज्वारी. उन्हाळ्यात टँकर येतात, दरवर्षी नाही, पण येतात. वर्गातल्या मुलांच्या घरी तीन प्रकारची परिस्थिती होती: बोअर असलेले बागायतदार, सोयाबीनवर वर्ष काढणारे, आणि दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारे.

या मुलांना टंचाई सांगावी लागत नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा वाघिणींमधून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, तेव्हा ही मुलं लहान होती. पण ती गोष्ट घराघरात सांगितली जाते. त्याच वर्षी पावसाळा संपता संपता मांजरा धरण भरलं, हे मात्र वर्गात फारच थोड्यांना माहीत होतं. मॅडमना ही विसंगती शिकवण्याजोगी वाटली. २०१४ आणि २०१५ ही लागोपाठ दोन वाईट वर्षं, मग पाण्याची रेल्वे, आणि काही महिन्यांत भरलेलं धरण. हवामान समजून घ्यायला याहून जवळचं उदाहरण कुठून आणायचं?

प्रकल्पाचं नाव ठरलं ‘हवामान बदल आणि आपलं गाव’. पहिली पायरी म्हणून मुलांनी घरातल्या आणि शेजारच्या वयस्क माणसांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या.

अडचण

मुलाखती छान झाल्या. आजोबा-आजी भरभरून बोलले. पूर्वी झड लागायची, आठ-आठ दिवस सूर्य दिसायचा नाही. मृगात पेरण्या व्हायच्या. ओढा दिवाळीनंतरही वाहायचा. आता तसं काही राहिलं नाही. मुलांनी हे सगळं लिहून आणलं आणि निष्कर्षही काढून आणला: हवामान बदलामुळे पाऊस कमी झाला, म्हणून विहिरी आटल्या, म्हणून टँकर आला. खाली ‘झाडे लावा’. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तक्तेही रंगवून झाले.

त्याच सुमारास मॅडमनी तहसीलमधून पर्जन्यमापकाच्या जुन्या नोंदी मिळवल्या होत्या. आलेख काढायचं काम गणितात रमणाऱ्या एका मुलीकडे दिलं. तिने वर्षावार स्तंभ काढले आणि तक्ता घेऊन आली. म्हणाली, “मॅडम, हे खाली उतरतच नाही.” स्तंभ वरखाली होत होते, पण वर्षागणिक पाऊस घटत चालल्याचं दिसत नव्हतं. वाईट वर्षं होती, तशी भरपूर पावसाचीही होती, आणि दोन्ही सगळ्या काळात विखुरलेली होती.

मग आम्ही मुलाखतींच्या वह्या पुन्हा काढल्या. एका मुलाच्या आजीचं वाक्य पहिल्यापासून त्याच्या वहीत होतं: “बहात्तरला खायला दाणा नव्हता, पण विहिरीला पाणी होतं.” मराठवाड्यात हे वाक्य अनेक घरांत ऐकायला मिळतं. त्या मुलाने ते दुष्काळाची आठवण म्हणून लिहिलं होतं आणि पुढच्या प्रश्नाकडे गेला होता. पण ते वाक्य खरं धरलं तर तक्त्यावरचा निष्कर्ष टिकत नव्हता. १९७२ला पाऊस भयानक कमी होता. तरी पिण्यापुरतं पाणी होतं. मग आता चांगला पाऊस झालेल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यातही टँकर का लागतो? वर्गात हा प्रश्न विचारल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून उत्तर आलं: “बोअर.” दुसरा म्हणाला, “ऊस.” आणि ज्यांच्या घरी ऊस होता ती मुलं गप्प झाली.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सरळ होता. तक्ते जसे आहेत तसे प्रदर्शनाला पाठवायचे. विषय लोकप्रिय, चित्रं सुंदर, मुख्याध्यापकांनाही तेच हवं होतं. शिवाय निष्कर्षाचा गाभा, म्हणजे हवामान बदलतंय हा, खोटा नव्हताच. पण मुलीच्या हातात आलेख होता. तो बाजूला ठेवून तक्ते पाठवले असते, तर पुरावा गैरसोयीचा असला की झाकायचा, हाच धडा वर्गाने घेतला असता.

दुसरा पर्याय म्हणजे टोक बदलणं: हवामान बदल सोडून द्यायचा आणि प्रकल्पाला ‘ऊस आणि भूजल’ असं नाव द्यायचं. यालाही आधार होता. कृषी मूल्य आयोगाने आपल्या अहवालात लिहिलं आहे की महाराष्ट्रात लागवडीच्या चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचं जवळपास ७० टक्के पाणी घेतो. वर्गात काही मुलांना हा मार्ग फार आवडला. गुन्हेगार सापडल्यासारखं वाटलं की अभ्यास सोपा होतो. पण त्याने दुसरी चूक झाली असती. एका तालुक्याच्या एकूण पावसात घट दिसत नाही, यावरून हवामान बदललंच नाही असं म्हणता येत नाही. आणि चौदा वर्षांच्या मुलाला बापाच्या शेताकडे बोट दाखवायला लावणं हे शिक्षण नव्हे.

तिसरा पर्याय मुख्याध्यापकांनी सुचवला: पावसावर थांबा, पाण्याच्या वापराकडे जाऊ नका. त्यांची काळजी खोटी नव्हती. शाळेच्या समितीवरचे पालक स्वतः ऊस लावणारे होते, आणि शाळेच्या छतासाठी वर्गणी त्यांनीच जमवली होती.

मॅडमनी चौथी वाट धरली. निष्कर्ष मागे घ्यायचा, प्रदर्शनाची तारीख जाऊ द्यायची आणि प्रश्न मोडून लहान करायचे. त्यांनी फळ्यावर तीन रकाने आखले: ‘जगभर बदलतंय त्याचा भाग’, ‘आपल्या शिवारात आपण केलेलं’ आणि ‘अजून सांगता येत नाही’. मुलाखतीतलं प्रत्येक विधान यांपैकी कुठे बसतं, हे पुराव्याने ठरवायचं. तिसरा रकाना मला या सगळ्या प्रकरणातला सर्वात मोलाचा निर्णय वाटतो. शाळेत ‘माहीत नाही’ याला गुण नसतात, म्हणून मुलं काहीही ठोकून देतात. इथे त्याला हक्काची जागा मिळाली.

काय केलं

सुरुवात पावसाच्या वहीपासून. एकूण पावसाऐवजी पाऊस पडतो कसा, हे पाहायचं ठरलं. रोजच्या नोंदींमधून मुलांनी तीन गोष्टी मोजल्या: अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झालेले दिवस, पेरणीनंतरचा सगळ्यात मोठा खंड, आणि ६५ मिलिमीटरच्या पुढचे दिवस. हा शेवटचा आकडा गावाला चांगला ठाऊक असतो, कारण महसूल मंडळात २४ तासांत एवढा पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि पंचनाम्याची आशा निर्माण होते.

आजी-आजोबांच्या आठवणी नक्षत्रांनी बांधलेल्या होत्या आणि नोंदी इंग्रजी महिन्यांनी. म्हणून एका गटाने जुळणी केली: मृग ७-८ जूनपासून, आर्द्रा २१-२२ जूनपासून, मघा ऑगस्टच्या मध्यावर, उत्तरा १३ सप्टेंबरच्या सुमारास, हस्त २७ सप्टेंबरच्या आसपास. त्यानंतर ‘मघा कोरड्या गेल्या’ हे विधान तपासता येऊ लागलं. मुलं पुन्हा आजोबांकडे गेली, या वेळी नेमकं वर्ष आणि नक्षत्र विचारायला. काही आठवणी नोंदींशी चपखल जुळल्या, काही अजिबात नाही. न जुळलेल्या आठवणींना खोटं म्हणायचं नाही, हे मॅडमनी आधीच बजावलं होतं. तालुक्याच्या पर्जन्यमापकावर कोरडं आणि पाच कोसांवर धो धो, हे आपल्याकडे नेहमीचं आहे.

पर्जन्यमापनाच्या एका केंद्राच्या नोंदींतून खंडांचा किंवा अतिवृष्टीचा ठाम कल निघाला नाही. हवामानाची सरासरी निदान ३० वर्षांची धरतात, आणि अतिवृष्टीचे दिवस मुळातच मोजके. त्यामुळे त्यांची वाढ-घट एका गावावरून ठरवणं धोक्याचं. इथे मोठ्या प्रदेशाचे अभ्यास वापरले. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२०च्या हवामान बदल अहवालात १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढल्याची नोंद आहे. १९५१–८०च्या तुलनेत १९८१–२०११ या काळात पावसाळ्यातले कोरडे खंड २७ टक्क्यांनी वाढले, हेही त्यात आहे. पावसाळ्यातल्या एकूण पावसातली घट मात्र विशेषतः गंगेच्या मैदानात आणि पश्चिम घाटात आढळली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या.

आलेख काढलेल्या मुलीने हे ऐकून जे लिहिलं ते जवळजवळ शब्दशः देतो: पाऊस तेवढाच असू शकतो, पण तो पिकाला हवा तेव्हा नसतो आणि नको तेव्हा एकदम येतो. सोयाबीनच्या घरातल्या मुलांना हे लगेच कळलं. ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, आणि त्याच महिन्यात सोयाबीन फुला-शेंगांवर असतं. ऑक्टोबर २०२०च्या परतीच्या पावसात काढून ठेवलेल्या सोयाबीनला कोंब फुटलेले काहींनी डोळ्यांनी पाहिले होते.

मग जमिनीखालचं पाणी. मुलांनी शिवाराचा नकाशा काढला. इथे आणखी एक निर्णय घ्यावा लागला. कुणाच्या शेतात किती बोअर, किती खोल, किती फेल गेली, ही माहिती मुलं सहज आणू शकत होती. पण ती भिंतीवर लागली असती तर कुणाचा माज आणि कुणाचं कर्ज, दोन्ही उघडं पडलं असतं. कोरड्या गेलेल्या बोअरपायी झालेलं कर्ज काय करू शकतं, हे मराठवाड्यात सांगायला नको. म्हणून नोंदी घरानुसार न घेता शिवाराच्या भागांनुसार घेतल्या, आणि पैशाबद्दल एकही प्रश्न विचारायचा नाही असं ठरलं. तरीही चित्र स्पष्ट झालं. आजोबांच्या विहिरी काही परस (परस म्हणजे पुरुषभर उंची) खोल, वडिलांच्या पिढीतल्या बोअर काहीशे फूट.

मॅडमनी खडकाचा पाठ इथे घेतला. बेसॉल्टच्या वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरात दरवर्षी पावसाचं पाणी मुरतं आणि विहिरीला लागतं. खूप खालच्या भेगांमधलं पाणी जुनं असतं, ते भरायला फार वेळ लागतो. महाराष्ट्राच्या भूजल कायद्यात अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरहून खोल विहिरींना शेतीसाठी मनाई आहे, हे ऐकून वर्गात कुजबुज झाली. कठीण खडकात बोअर मारणारी यंत्रं आपल्याकडे आधी पिण्याच्या पाण्यासाठी आली, आणि सोलापूरच्या हातपंपाच्या रचनेतून पुढे ‘इंडिया मार्क २’ हातपंप तयार झाला, हेही मॅडमनी सांगितलं. बोअर मुळात तहान भागवायला आली, हे मुलांना कळणं गरजेचं होतं.

शेवटी ताळेबंद. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. वर्षाला ७०० मिलिमीटर धरला तर एकरावर सुमारे २८ लाख लिटर पाणी पडतं, आणि त्यातला थोडाच भाग मुरतो. उसाला वर्षभरात साधारण २००० मिलिमीटर किंवा जास्त पाणी लागतं, म्हणजे एकरी ८० लाख लिटरच्या पुढे. हा फरक कुठून येतो, ते मुलांनी स्वतः फळ्यावर लिहिलं: शेजारच्या एकरातून आणि मागच्या वर्षांतून.

पालकसभा

ही आकडेमोड घरी पोचायला वेळ लागला नाही. समितीवरच्या एका पालकांनी मुख्याध्यापकांना फोन केला. शाळा मुलांना बापाविरुद्ध शिकवते, असा सूर होता. सभा रद्द करावी की घ्यावी? मॅडमनी घ्यायचं ठरवलं, पण मांडणी बदलली. मुलं निष्कर्ष सांगणार नव्हती. तीन रकाने भिंतीवर लावायचे आणि पालकांना विचारायचं: यात काय चुकलंय, काय राहिलंय?

तेच पालक उठले. म्हणाले, “मॅडम, ऊस लावू नका म्हणायला सोपं आहे. सोयाबीन ऐन काढणीला भिजतं. गारपीट झाली की हरभरा झोपतो. ऊस उभा राहतो. गारपिटीत पानं फाटतील, पण कांडं राहतं. वर भाव ठरलेला. पावसाचा भरवसा असता तर बोअरला एवढा पैसा कोण घालतंय?”

मॅडमनी खडू घेऊन हे सगळं फळ्यावर उतरवलं आणि वर्गाला विचारलं, हे कोणत्या रकान्यात? मुलं गोंधळली. पहिल्यातही आणि दुसऱ्यातही, असं उत्तर आलं. मग एकाने दोन रकान्यांना जोडणारा बाण काढला. पाऊस लहरी झाला की शेतकरी खात्रीच्या पिकाकडे आणि बोअरकडे जातो, बोअरने पाणी खाली जातं, आणि पुढचा कोरडा खंड आणखी जड जातो. वर्गाला इतके दिवस जे सुटलं नव्हतं, ते त्यांना विरोध करायला आलेल्या माणसाने सांगितलं. हवामान बदलाचा स्थानिक परिणाम म्हणून आपण तापमान आणि पाऊस मोजतो. पण अनिश्चितता माणसाला जे निर्णय घ्यायला लावते, तोही परिणामच आहे, आणि तो फक्त घरातलं माणूस सांगू शकतं.

सभेत सगळं गोड झालं असं नाही. दोन पालक उठून गेले. सोयाबीनवाल्या एका बाईंनी विचारलं, “तुमचा ऊस उभा राहतो, आमचा हातपंप आटतो, त्याचं काय?” याचं उत्तर कोणी दिलं नाही, आणि मॅडमनी ते ओढून-ताणून काढलंही नाही. प्रश्न फळ्यावर राहिला.

परिणाम

प्रदर्शनाची संधी गेली. त्याऐवजी तक्ते नव्याने काढून ग्रामपंचायतीच्या कार्यालयात लावले. उसाचं क्षेत्र त्यामुळे कमी झालं नाही, आणि ते मुलांवर टाकायचं कामही नव्हतं. ताळेबंद ग्रामसभेत वाचायचा होता, पण वेळ मिळाला नाही. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात गाव दरवर्षी पाण्याचा हिशेब मांडून पिकं ठरवतं आणि शेतीसाठी बोअर घेत नाही, हे मुलांना माहीत झालं होतं. त्यामुळे ग्रामसभेत वेळ न मिळाल्याचा त्यांना राग आला. तो राग मला योग्य वाटला.

शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसला आणि सकाळी साडेआठला वाचन सुरू झालं. गावच्या सार्वजनिक विहिरीची पातळी दोरीला वजन बांधून महिन्यातून एकदा मोजली जाऊ लागली, कठडा असलेल्या बाजूने आणि मोठं माणूस सोबत असतानाच. वाचनात पहिली खिंडारं दिवाळीच्या सुट्टीत पडली, नेमकी परतीच्या पावसाच्या दिवसांत. शाळेजवळ राहणाऱ्या सातवीच्या दोघा मुलांनी आणि शिपाई मामांनी पुढे ते सांभाळलं.

वर्गातला बदल उत्तरपत्रिकांत दिसला. आधी प्रत्येक उत्तराचा शेवट ‘झाडे लावावीत’ असा व्हायचा. आता ‘पाऊस कमी झाला’ असं विधान आलं की कोणत्या वर्षांच्या तुलनेत, कुठल्या केंद्रावर, असा प्रतिप्रश्न मुलं लिहू लागली. सगळीच नाही. काहींनी तीन रकान्यांचंही पाठांतर करून टाकलं.

वेगळं काय करता येईल

पावसाच्या नोंदी मुलाखतींच्या आधी हाताळाव्यात. आकडे पाहून मुलाखतीला गेलेलं मूल नेमकं विचारतं, आणि आजीच्या वाक्याशी थबकतं. पहिल्या फेरीत बहुतेक मुलाखती पुरुषांच्या झाल्या होत्या. पाणी भरणाऱ्या बायकांना विहीर कोणत्या महिन्यात तळाला जायची हे जास्त अचूक माहीत असतं. त्यांना वेळ सोयीची पडेल अशा वेळी, म्हणजे दुपारच्या विसाव्याला जावं लागेल.

पालकांना शेवटी न बोलावता तिसऱ्या-चौथ्या तासाला बोलवावं. सभेत जे कळलं ते आधी कळलं असतं, तर ‘बोअर’ आणि ‘ऊस’ या दोन शब्दांनंतर काही मुलांवर जे आठवडे जड गेले ते टळले असते.

तापमान जवळपास राहूनच गेलं. आपल्याकडे सर्वात ठाम पुरावा त्याचाच असतो. पत्र्याच्या छताखालच्या वर्गात आणि कडुनिंबाखाली एकाच वेळी तापमान मोजणं दोन तापमापकांत होतं, आणि मार्चपासून सकाळची शाळा का भरते याची चर्चा तिथून सुरू करता येते.

सगळ्यात मोठी उणीव वेळापत्रकाची. प्रकल्पाचा मुख्य भाग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत झाला. त्याच काळात ऊसतोड कुटुंबांतली मुलं कारखान्यांच्या फडावर होती. त्यांच्या घरी ना बोअर, ना ऊस. टँकरच्या रांगेत सर्वात आधी तीच उभी राहतात, आणि पाऊस बिघडला की घर सर्वात आधी त्यांचंच उठतं. पालकसभेतला तो अनुत्तरित प्रश्न त्यांचाही होता, पण तो मांडायला ती वर्गात नव्हती. आता मॅडमनी मुलाखती आणि नकाशा जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, शाळा उघडताच घ्यायचं ठरवलं आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांनी परत आल्यावर, ज्या गावात राहिली तिथली विहीर, टँकर आणि पाऊस यांची नोंद त्याच वहीत करायची, म्हणजे शिवाराचा नकाशा त्यांच्यापुरता गावाबाहेर वाढेल.